घराण्यात उतरणारे मज्जारोग आणि आपण स्त्रिया

(मंडळाच्या वर्धापनदिनी परभणी येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिन म्हटला की गाणी व्हावीत, एखादे नाटुकले व्हावे, फराळ व्हावा आणि हसतमुखाने घरी जावे. अशा दिवशी आजारपणावर बोलावयाचे म्हणजे सणासुदीला काढ्याची वाटी पुढे करण्यासारखेच! पण आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, यंदा काही उपयोगाचे सांगा. म्हणून मी उभी राहिले आहे. मी डॉक्टर नव्हे. तीस वर्षे याच गावातील मुलींना जीवशास्त्र शिकविले, एवढाच माझा अधिकार. औषधे सांगणे हे माझे काम नाही. परंतु आई-आजीची ठेवण मुलीत कशी येते, हे फळ्यावर समजावून देताना जे वाचावे लागले, आणि नात्यागोत्यांत जे पाहावे लागले, ते आपल्यापुढे ठेवते.

विषय आहे मज्जासंस्थेच्या अशा आजारांचा, की जे घराण्यातून उतरतात आणि माणसाचे चालणे, बोलणे, हातापायांची हालचाल बिघडवितात. कोणाचे हात कापतात, कोणाचा तोल जातो, कोणाची मान वाकडी होते, कोणाचे अंग आपोआप नाचल्यासारखे हलते. आरंभीच एक खुलासा केलेला बरा. म्हातारपणी हात कापू लागला म्हणजे तो घराण्याचाच रोग, असे मुळीच नाही. पार्किन्सन नावाचा जो कंपवात आपण पुष्कळ वृद्धांत पाहतो, तो बहुतेकांना आई-वडिलांकडून आलेला नसतो. अर्धांगवायूचे तर कारणच निराळे. मी बोलणार आहे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या थोड्या आजारांविषयी. ते विरळ आहेत, पण ज्या घरी येतात त्या घराला ते विरळ वाटत नाहीत.

बीजातून गुण उतरतात, हे परभणीच्या बाईला मी काय सांगावे? आपल्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' नावाची भेंडी काढली. भेंडीची पाने पिवळी पाडणारा जो रोग आहे, त्यापुढे टिकाव धरील असा गुण भेंडीच्या एका रानटी जातभाईत होता. तो संकर करून घरच्या भेंडीत आणला आणि मग तो बियाण्यातून पुढे चालू राहिला. जसा गुण उतरतो तसा दोषही उतरतो. बियाण्याला आपण शिव्या देत नाही आणि त्यावर लिंबेही उतरवीत नाही. ते कोणत्या वाणाचे, कोठून आणले, एवढे विचारतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण विचारावयाचे सोडून कुजबुजतो. माझे आजचे सगळे सांगणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबणार आहे.

आपल्याच राज्यात याविषयी मोठे संशोधन झाले आहे. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया यांचे नाव आपल्यापैकी थोड्याच जणींनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १९२५ चा, सुरतेचा. विलायतेत मज्जारोगांचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९५७ साली मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व जे. जे. रुग्णालयात त्यांनी या रोगांचा स्वतंत्र विभाग उभारला. जे. जे. म्हणजे गोरगरिबांचे रुग्णालय. कोठून कोठून माणसे तेथे येत. त्यांतच काही रोगी असे येत की ज्यांचा तोल जाई; दारू प्यायल्यासारखे पाय फाकून ते चालत; शब्द अडखळत. 'माझ्या बापालाही असेच होते,' असे त्यांपैकी कोणी सांगे. असा घराण्यातला तोल जाण्याचा रोग वैद्यकाला नवा नव्हता. पण वाडियांना या रोग्यांत एक निराळी खूण दिसली, आणि ती खूण डोळ्यांत होती.

आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहतो तेव्हा डोळा उडी मारतो. ती उडी इतकी चपळ असते की आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. समोर एक बोट उजवीकडे व एक डावीकडे धरून 'आधी याच्याकडे पाहा, मग त्याच्याकडे' असे सांगितले की निरोग्याची नजर क्षणात पलीकडे पोहोचते. या रोग्यांची नजर मात्र चढावर चाललेल्या बैलगाडीसारखी सावकाश सरके. काहींना तर पलीकडे पाहावयाचे झाल्यास मानच वळवावी लागे. हे पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. डॉक्टरची दोन बोटे पुरतात, आणि पाहणाऱ्याला सवड लागते. डॉ. वाडिया व त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी अशी ९ घराणी तपासली आणि १९७१ साली 'ब्रेन' या विख्यात इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, हा तोल जाण्याच्या रोगाचा एक वेगळाच प्रकार आहे आणि मंद नजर ही त्याची ओळख आहे.

भगिनींनो, ९ घराणी तपासली, हे म्हणावयाला सोपे आहे. रोगी एक येतो, घराणे येत नाही. त्याला विचारावे लागते, बाप कसा चालत असे? आत्या कशाने गेली? काकाची मुले कोठे आहेत, त्यांना बोलावता येईल का? मग एकेकाला गोळा करून, कागदावर वंशवेल काढून, कोणाला रोग आहे व कोणाला नाही याच्या खुणा मांडाव्या लागतात. या पद्धतीचे दोनच आधार आहेत. डोळ्यांत नीट पाहणे हा एक, आणि नात्यातली माणसे विचारणे हा दुसरा.

या निरीक्षणाला पुढे पंचवीस वर्षांनी बळकटी आली. १९९६ साली शास्त्रज्ञांच्या तीन निरनिराळ्या गटांना एका रोगाचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर सापडले. जनुक म्हणजे शरीराने एखादी गोष्ट कशी करावी याची लिहून ठेवलेली कृती. त्या कृतीत तीन अक्षरांचा एक शब्द लागोपाठ येतो, बहुतेकांत २२ वेळा. तो ३३-३४ च्या पुढे गेला की रोग होतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई अडकली की गवई तेच तेच म्हणत राहतो, तसे काहीसे हे आहे. आणि पुढच्या पिढीत ही अडखळ कधी कधी वाढते. त्यामुळे बापाला जो रोग चाळिशीत झाला तो मुलाला पंचविशीतच गाठतो. १९९८ साली डॉ. वाडिया व सहकाऱ्यांनी भारतातील ६ घराण्यांची या जनुकासाठी तपासणी करून त्याच 'ब्रेन'मध्ये लिहिले. बोटे दाखवून ओळखलेला तो रोग आणि हे जनुक यांची गाठ पडली. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी सत्तरी ओलांडली होती. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ साली ते वारले. हाच रोग दूर क्युबा देशातील ओल्गिन प्रांतात पुष्कळ घराण्यांत आहे. म्हणजे जात, धर्म, देश असले कुंपण त्याला नाही.

आता फळ्याकडे वळते, कारण हे समजल्यावाचून पुढचे समजणार नाही. प्रत्येक कृती आपल्याजवळ दोन वह्यांत लिहिलेली असते. एक वही आईकडची, एक वडिलांकडची. काही रोगांत एका वहीतली कृती बिघडली तरी तेवढ्याने घात होतो. तोल जाण्याचा हा रोग तसा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखाच. दुसऱ्या काही रोगांत एक वही बिघडली तरी दुसरीवर काम भागते. असा माणूस जन्मभर धडधाकट असतो. आपल्याजवळ एक बिघडलेली वही आहे हे त्याला ठाऊकही नसते. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचा विवाह झाला तर चार मुलांत एक, या हिशेबाने रोग होतो. हा हिशेब दर वेळी नव्याने होतो. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही.

पहिल्या प्रकारच्या एका रोगाची कथा साऱ्या जगाने ऐकली आहे. अमेरिकेतील डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले. त्यात अंग नाचल्यासारखे हलते, स्वभाव पालटतो आणि बुद्धी मंदावते. नॅन्सी वेक्सलर या बाईंच्या आईला हा रोग होता. म्हणजे नॅन्सीबाईंनाही तो होण्याचा संभव निम्मा. घरात तोंड लपवून बसण्याऐवजी त्यांनी व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराच्या काठची गावे गाठली. तेथे एकाच घराण्याच्या शाखांत हा रोग फार होता. वर्षानुवर्षे तेथे जाऊन त्यांनी वंशवेल लिहून काढली आणि रक्ताचे नमुने जमविले. 'हा रोग माझ्याही घरात आहे,' असे त्या सांगत, म्हणून लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या नमुन्यांच्या साहाय्याने १९८३ साली जनुकाचा ठावठिकाणा लागला आणि १९९३ साली जनुक हाती आले. पुढे २०२० साली बाईंनी जाहीर केले की आपल्यालाही तो रोग झाला आहे. अशा रोगावर अद्याप मूळ उपटणारे औषध नाही. लक्षणे सौम्य करणारी औषधे आहेत, व्यायाम आहे आणि घरच्यांचा आधार आहे. म्हणूनच, धडधाकट तरुण माणसाने 'मला पुढे हा रोग होईल का' याची तपासणी करून घ्यावी की नाही, हे त्याने स्वतः ठरवावयाचे असते. सासूने, नवऱ्याने किंवा व्याह्याने त्याला भाग पाडू नये, आणि लहान मुलांची तर अशी तपासणी करूच नये, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

परंतु दुसऱ्या प्रकारात एक रोग असा आहे की जो ओळखला तर आवरता येतो, आणि न ओळखला तर प्राण घेतो. त्याचे नाव विल्सनचा रोग. डॉ. किनियर विल्सन यांनी १९१२ साली, त्याच 'ब्रेन'मध्ये, त्याचे वर्णन केले. आपल्या अन्नात रोज थोडे तांबे येते. थोडे शरीराला लागते, उरलेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ते बाहेर टाकण्याची कृतीच ज्यांच्या दोन्ही वह्यांत बिघडलेली असते, त्यांच्या यकृतात तांबे साठते, आणि यकृत भरले की मेंदूत व डोळ्यांत उतरते. जगात सुमारे ३० हजारांत एकाला हा रोग होतो असा अंदाज आहे. त्यावरून हिशेब केला तर वाहक मात्र नव्वदात एक निघतो. आज या सभागृहात बसलेल्यांतही एखादी असेल, आणि ती अगदी ठणठणीत असेल!

हा रोग बहुधा शाळेच्या वयात किंवा तरुणपणी डोके वर काढतो. म्हणून त्याची चाहूल प्रथम आईला व मास्तरीणबाईंना लागावी. एखाद्याला कावीळ होते, पोटात पाणी होते. एखाद्याचे मोत्यासारखे अक्षर वेडेवाकडे होऊ लागते, बोलणे घोगरे व अस्पष्ट होते, तोंडातून लाळ गळते, पेला धरताना हात थरथरतो. एखादा गुणी मुलगा एकाएकी चिडखोर होतो आणि अभ्यासात मागे पडतो. 'वयात आला, संगत बिघडली,' असे आपण म्हणतो. येथेही खूण डोळ्यांतच आहे. बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडे दिसते. साध्या नजरेला ते दिसेलच असे नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या यंत्रात दिसते. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेक रोग्यांत ते असते. त्याबरोबर रक्ताची व चोवीस तासांच्या लघवीची तपासणी केली की निदानाला आधार मिळतो.

१९५० पूर्वी या रोगाने आजारी झालेला माणूस वाचत नसे. १९५६ साली डॉ. जॉन वॉल्शे या इंग्रज डॉक्टरांनी पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. रोग्याला देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते. पुढे आणखी औषधे आली. जस्ताच्या क्षारांनी अन्नातले तांबे शरीरात शिरण्यास अटकाव होतो, हेही सिद्ध झाले. औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते, कारण आरंभी काही रोग्यांची लक्षणे वाढतात. आणि ते जन्मभर घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून सोडले की रोग पुन्हा उसळतो. मुंबईत डॉ. अन्नू अग्रवाल या विदुषी आणि डॉ. मोहित भट्ट यांनी या रोगावर पुष्कळ काम केले आहे. रोग कितपत वाढला व कितपत ओसरला हे मोजण्याची एक पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तयार केली. औषध लागू पडते की नाही हे अंदाजाने न म्हणता मोजून म्हणता यावे, हा तिचा हेतू.

आता माझ्या माहेरच्या नात्यातले एक घर सांगते. गावाचे व माणसांची नावे सांगत नाही. त्यांची गरजही नाही. त्या घरात तीन मुले. थोरला वर्गात पहिला येणारा. चौदाव्या वर्षी त्याचे अक्षर बिघडले, मग बोलणे बिघडले, मग घास तोंडाशी नेताना सांडू लागला. बाहेरचे काही आहे म्हणून देवऋषी झाले, गंडेदोरे झाले, अमावास्येला नारळ झाले. एका ठिकाणी 'मनाचा आजार आहे' असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. यात दोन वर्षे गेली. अखेर मुलाचा मामा त्याला रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेला, आणि तेथे एका डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहून विल्सनचा रोग ओळखला.

निदान झाले तसा घरात दुसराच प्रश्न उठला, हे आले कोणाकडून? सासूबाईंनी सुनेच्या माहेराकडे बोट दाखविले. 'आमच्या कुळात असले काही नाही,' असे त्या म्हणाल्या. ती बिचारी खाली मान घालून भांडी घाशीत राहिली. मी त्या वेळी तेथे गेले होते. त्या घरात मुलाला मामाची मुलगी केलेली. म्हणजे सासूबाईंचे माहेर आणि सुनेचे माहेर एकच! मी कागदावर वंशवेल काढून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटले, "काकू, तुमचे वडील आणि हिचे आजोबा एकच ना? बिघडलेली एक वही त्यांच्याकडून तुमच्या हाती आली असणार, तुमच्याकडून तुमच्या मुलाला गेली. दुसरी तुमच्या भावाकडून हिला आली. तुम्हाला काही झाले का? नाही. तिला काही झाले का? नाही. दोन्ही वह्या एकाच नातवाच्या हाती पडल्या, एवढेच झाले. यात दोष कोणाचा?" काकू पुष्कळ वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "ऊठ, चहा कर. तूही घे." त्या घरात तेवढे शब्द पुष्कळ होते.

पण मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. ती आपण मनावर कोरून ठेवावी. "पाठच्या भावंडांना काही होत नसले तरी घेऊन या." मधला मुलगा निरोगी निघाला. धाकटी मुलगी अकरा वर्षांची, खेळकर, अंगात रोगाचा मागमूस नव्हता. तिच्या तपासणीत रोग निघाला. त्याच महिन्यात औषध सुरू झाले. थोरल्याचे बोलणे पुष्कळ सुधारले, पण पूर्वीचे झाले नाही. तो आज किराणा दुकान सांभाळतो, हिशेब चोख ठेवतो. धाकटीला आजवर रोगाचे एकही लक्षण नाही. ती शिक्षिका आहे, तिचे लग्न झाले, दोन मुले आहेत. दिवस राहिले तेव्हाही डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने औषध चालूच ठेवले. एकाच आईची दोन लेकरे, एकाच रोगाची. अंतर पडले ते ओळखायला लागलेल्या वेळाचे.

हे ऐकून आपल्यापैकी काही जणी मनात म्हणत असतील, मग आता तांब्याचा तांब्या मोडीत काढावा काय? तसे नव्हे. विल्सनचा रोग भांड्यांनी होत नाही. तो जनुकाचा आहे. ज्याला तो झाला आहे त्याने मात्र तांब्या-पितळेच्या भांड्यांत साठविलेले पाणी व अन्न घेऊ नये, आणि कलेजी, अळंबी, चॉकलेट, सुकामेवा असे पदार्थ डॉक्टरांना विचारून टाळावेत. भांड्यांशी ज्याचा संबंध होता तो रोग निराळा, तान्ह्या मुलांच्या यकृताचा. १९८० च्या दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे व इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी तो शोध घेतला. बाळाला लवकर वरचे दूध सुरू करून ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवीत. दुधात तांबे उतरे आणि कोवळ्या यकृतात साठे. भांडी बदलली आणि तो रोग झपाट्याने कमी झाला. घराघरांतील बायकांनी एक पातेले बदलावे आणि एक रोग हटावा, हा आपल्या इतिहासातला लहान विजय नव्हे.

आता एक नाजूक विषय. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. इरावतीबाई कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात तिचा विचार केला आहे. चाल का पडली हे मला समजते. मुलगी ओळखीच्या घरात पडते, आत्याच सासू असते, जमीनजुमला घरात राहतो. परंतु सख्ख्या आतेमामेभावंडांत आठवा हिस्सा जनुके समान असतात. त्यामुळे एकच बिघडलेली वही दोघांकडे असण्याचा संभव परक्यांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. ज्यांची अशी लग्ने झाली आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. त्यांतील बहुतेकांची मुले निरोगीच असतात. पण ज्या घरात असा एखादा रोग एकदा दिसला आहे, त्या घराने तरी नात्यात सोयरीक करण्यापूर्वी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गर्भावस्थेत अशा रोगाची तपासणी काही घराण्यांत करता येते. ती नोंदणी झालेल्या केंद्रातच व कायद्यानुसार व्हावी. तिचे निमित्त करून मुलगा की मुलगी हे विचारणे गुन्हा आहे, आणि सांगणे हाही गुन्हा आहे.

मग आपण काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट वंशवेलीची. आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे सापडतात. पण त्यांत बापाचे नाव, मुलाचे नाव, नातवाचे नाव. मुलगी सासरी गेली की तिची रेघ तेथेच पुसली जाते, आणि सून कोठून आली हे कोणी लिहीत नाही. रोग मात्र असा भेद करीत नाही. तो लेकीबरोबर सासरी जातो आणि सुनेबरोबर घरी येतो. ज्या वहीत बायका नाहीत ती वही डॉक्टरच्या काय कामाची? ही माहिती खरी कोठे असते, तर ती आपल्यापाशी. कोणाच्या हळदीला कोणाचा हात थरथरत होता, कोणती मावशी भिंत धरून चाले, कोणाचे मूल कावीळ होऊन दहाव्या वर्षी गेले, हे पुरुषांना आठवत नाही; आपल्याला आठवते. तेव्हा सासर आणि माहेर दोन्हींकडच्या तीन पिढ्या लिहून काढा. नाव, हयात असल्यास वय, नसल्यास कशाने व कितव्या वर्षी गेले, एवढे पुरे. ते घरातच ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या.

दुसरी गोष्ट, घरात एकाला असा रोग निघाला तर पाठच्या-पुढच्या सख्ख्या भावंडांना तपासल्यावाचून राहू नका. देवाला नवस बोललात तरी माझी हरकत नाही. पण नवस फेडण्याआधी तपासणी करा. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढे जाणे पडल्यास मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारविषयक धोरणात मान्यता पावलेले केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुनाट मज्जाविकारांचा समावेश झाला आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळविण्यात कमीपणा मानू नये.

तिसरी गोष्ट बोलण्याची. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आपण आजारी भावाला पाहुण्यांपुढे आणीत नाही, माडीवर बसवितो. त्या माडीवरच्या मुलाच्या मनात काय येत असेल? आणि खरे सांगावयाचे तर लपविण्याने मुलीचे कल्याण होत नाही. दोन्ही घरांनी आपापले कागद मोकळेपणाने पुढे ठेवले, तर पुढे कोणाकडे बोट दाखविण्याचा प्रसंगच राहत नाही. पुण्यात पार्किन्सनच्या रोग्यांनी व त्यांच्या घरच्यांनी मिळून मित्रमंडळ चालविले आहे. तेथे ते एकत्र जमतात, व्यायाम करतात, हसतात. आजारी माणूस चार माणसांत बसला म्हणजे त्याचे निम्मे दुखणे हलके होते. आपल्या मंडळाच्या सतरंजीवरही अशा एखाद्या बाईला जागा असावी. तिचा हात थरथरला, कप सांडला, तर पुसणारी एक असावी आणि त्याकडे न पाहता पुढची ओवी म्हणणारी दुसरी असावी.

शेवटी एक सूचना करते आणि बसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून कधी वाट्या देतो, कधी प्लॅस्टिकचे डबे देतो. डबे घरोघर पुष्कळ झाले आहेत! येत्या संक्रांतीला मंडळाने एक चार पानांची कोरी वही वाण म्हणून द्यावी. पहिल्या पानावर सासरच्या तीन पिढ्यांसाठी रेघा, दुसऱ्यावर माहेरच्या तीन पिढ्यांसाठी रेघा, आणि उरलेली दोन पाने कोरी, आपल्या लेकीसुनांनी पुढे भरण्यासाठी. खर्च डब्याहून कमी येईल, हे मी छापखान्यात विचारून आले आहे. तिळगूळ देताना आपण गोड बोला असे म्हणतो. त्याबरोबर यंदा, घरातले खरे बोला आणि लिहून ठेवा, एवढेही म्हणू या.